एवढं पान होऊ दे

छापखान्यातून आलेली मुद्रितं दोघांनी मिळून तपासायची, ही आमची जुनी पद्धत. मधुकरराव हस्तलिखित मोठ्यानं वाचायचे. मी छापील पानावर नजर ठेवायची. विरामचिन्हं ते तोंडानं सांगत नसत. पेन्सिलीनं टेबलावर वाजवत. स्वल्पविरामाला एक ठोका, अर्धविरामाला दोन, पूर्णविरामाला तीन. बावीस वर्षं असं चाललं. मानेवाड्यातल्या त्यांच्या घरी त्यांची बायको, रंभाबाई, आम्हाला पाणी आणून द्यायच्या आणि पिऊन झालं की ग्लास तिथंच पालथा घालायच्या. धूळ जाते म्हणायच्या. टेबलावर गोल डाग पडत आणि मी त्यांना त्यावरून चिडवायची.

गेल्या वर्षी मे महिन्यात रंभाबाई वारल्या. वर्षश्राद्धाला वाटायला म्हणून मधुकररावांनी त्यांच्यावर चोवीस पानांची पुस्तिका लिहिली. ती तपासायला मी दुपारी जाऊ लागले. बाहेर शेहेचाळीस अंश; आत कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास आणि डोळ्यांवर येणारी झापड.

"दोन पुरी वाक्यं एका स्वल्पविरामावर कशी उभी राहतील जी?" मी म्हटलं. पहिल्या पानापासून त्यांनी तेच केलं होतं, आणि आयुष्य गेलं होतं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात. "एक तं ‘आणि’ घाला, नाही तं अर्धविराम."

"घाल वं शामला, तुले पाहिजे ते घाल."

असं करत आम्ही शेवटच्या पानावर आलो. तिथं शेवटी एवढंच होतं: ‘रंभाने आतून पाणी मागितले;’ आणि पुढे कोरं.

"अन् पुढे?"

मधुकररावांनी चष्मा काढला. "मी मुद्रितं पाहून राहिलो होतो. म्हटलं, थांब, एवढं पान होऊ दे. पान झालं. पाणी घेऊन गेलो तं..." त्यांनी चष्मा बराच वेळ पुसला. "ती काहीच बोलली नाही वं. रागावून गेली का, तेवढंच मले समजलं पाहिजे. त्याच्याबिगर पूर्णविराम कसा देऊ?"



त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. पेन्सिल उचलायच्या आधीच आतल्या खोलीतून दोन ठोके आले. स्टीलच्या ग्लासवर नखानं वाजवावं तसे.

कूलरच्या पंपात काहीतरी अडकलं असेल, म्हणून मी उठून तो बंद केला. घर एकदम मोठं वाटू लागलं.

त्यांनी पुन्हा वाचलं. पुन्हा दोन.

"तीन दिवस झाले," ते हळूच म्हणाले. "मी वाचतो, ती वाजवते."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करू? पान तपासत राहतो."

मला त्या माणसाचा रागच आला. "उठा जी," मी म्हटलं. "पान राहू द्या. आधी पाणी देऊन या."

ते उठले. माठातून ग्लास भरला आणि दोन्ही हातांनी धरून आत नेला. मला दारातून दिसत होतं. रिकाम्या खाटेशेजारच्या स्टुलावर त्यांनी तो काठोकाठ भरलेला ग्लास ठेवला. मग परत येऊन माझ्यासमोर बसले. दार त्यांच्या पाठीआड गेलं. त्यांचे दोन्ही हात टेबलावर होते. पेन्सिल माझ्याकडे होती.

आम्ही ऐकत राहिलो.

एक.

दोन.

मग बराच वेळ काही नाही.

तीन.

मधुकरराव लहान मुलासारखे रडले. "लिही," ते म्हणाले. "‘मी उठलो.’" मी अर्धविरामापुढे ते दोन शब्द लिहिले आणि पूर्णविराम दिला.

निघताना चपला घालता घालता मी आत डोकावले. स्टुलावर ग्लास पालथा होता. स्टूल कोरडं होतं; फक्त ग्लासच्या काठाखाली एक ओलं वर्तुळ होतं.