वीस मिनिटांचा पाहुणा

भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला कुणी सांगितलं? ही गोष्ट घडली ती नवरोजच्या, मार्चातल्या नववर्षाच्या सणाला, सकाळी अकराच्या पुढे, लख्ख उन्हात. बाहेर चौकात गाणी लागली होती, लोक नवे कपडे घालून एकमेकांच्या घरी निघाले होते. कराकोल शहरातल्या त्या कचेरीत मात्र कामाला म्हणून मिर्लान एकटाच येऊन बसला होता. एक अहवाल, त्यावर एक सही, एवढंच काम. अर्ध्या तासात उरकून घरी जेवायला जायचं होतं त्याला.

डोंगरावरच्या हिमसरोवरांवर आणि बर्फाच्या उतारांवर नजर ठेवणारी ही कचेरी. मिर्लान तिथल्या संगणकांचा कारभारी. आदल्या संध्याकाळी साहेबीण चिनाराबाईंनी त्याला बजावलं होतं, "उद्या बारापर्यंत अहवाल सही करून पाठव. परवा त्या बाईच्या अर्जाची सुनावणी आहे. आणि नव्या ठाण्याचा ताजा आलेख जोड सोबत. आपलं सगळं सुरळीत आहे हे दिसलं पाहिजे."

ती बाई म्हणजे उल्कान, सोरोनबायची बायको. सोरोनबाय, म्हणजे सगळ्यांचा सोरोनदादा, अठरा वर्षं काशका-बेल घाटातल्या ठाण्यावर राखणीला होता. फेब्रुवारीच्या दहा तारखेला वरचा उतार कोसळला आणि दादाला घेऊन गेला. प्रेत तिसऱ्या दिवशी सापडलं. ठाणं आणि त्यातलं यंत्र पंधरा फूट बर्फाखालीच राहिलं, उन्हाळ्यात काढू म्हणाले. अहवाल मिर्लाननं लिहिला होता, त्यात एक वाक्य होतं : 'कर्मचारी नशेत, न विचारता बाहेर पडला.'

उल्कान दोनदा कचेरीत येऊन गेली. रडली नाही, ओरडली नाही. "एकच शब्द खोड रे," म्हणाली. "नशेत, एवढाच. जन्मात दारूला शिवला नाही तो माणूस. गावातली पोरं माझ्या नातवाला दारुड्याचा नातू म्हणतात. एक शब्द खोडायला तुझं काय जातं?"

"कागद पुढे गेलाय वहिनी, माझ्या हातात काही नाही," मिर्लान म्हणाला. धादांत खोटं! कागद त्याच्याच टेबलावर होता. पण तो शब्द खोडला असता तर लोकांनी पुढचं विचारलं असतं, शुद्धीतला माणूस अशा दिवशी बाहेर पडलाच कसा? आणि त्याचं उत्तर जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक बर्फाखाली गेला.

ते उत्तर आता ऐका. ठाण्यावरचं यंत्र वर डोंगरात, पण त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामची खिडकी उघडायची ती इथे शहरात, मिर्लानच्या लिनक्सच्या पडद्यावर. मधली वाट कुलूपबंद, कुणाला चोरून पाहता येऊ नये अशी. मात्र ती परकी खिडकी आपल्या घरात घ्यायच्या दोन तऱ्हा असतात. पहिली संशयाची. खिडकी पाहुणी म्हणून येते, ओसरीवर बसते, घरातल्या दुसऱ्या खिडक्यांत डोकावू शकत नाही, आणि वीस मिनिटांनी तिची मुदत संपते. पुन्हा यायचं तर पुन्हा ओळख पटवायची. दुसरी विश्वासाची. एक अक्षर वेगळं टाइप केलं की झालं, पाहुण्याच्या हाती सगळ्या घराच्या किल्ल्या. तुम्ही काय टाइप करता ते त्याला वाचता येतं, मनात आलं तर तुमच्या वतीनं कळाही दाबता येतात. कटकट नको म्हणून या धंद्यातली निम्मी माणसं डोळे मिटून दुसरीच तऱ्हा वापरतात.

मिर्लानला हे सगळं शिकवलं सोरोनदादानंच. "पोरा, पाहुणा तो पाहुणा," दादा म्हणायचा. "वीस मिनिटं चहा पाज आणि उठव. हवा असेल तर परत बोलाव."

"दादा, आपल्याच कचेरीच्या यंत्रावर संशय घेऊ का मी?"

"यंत्रावर नाही रे गाढवा, तुझ्या आळसावर!"

त्या दिवशी तेच नडलं. ठाण्यावरचा पडदा फुटून दोन महिने झाले होते, नवा काही आला नव्हता. स्वतःच्या डोक्यावरचा उतार हलतोय का हे दादाला दिसेना, ते फक्त शहरात मिर्लानला दिसायचं. अकरा चाळीसला रेडिओवर दादाचा आवाज आला, "पोरा, जरा बघून सांग. उतार गप्प आहे ना? खांबावर बर्फ बसलंय, झाडून येतो." मिर्लाननं बसल्या जागेवरून खिडकीकडे नजर टाकली. आलेखाची रेघ सरळ होती. "गप्प आहे दादा. जा बिनधास्त."

रेघ सरळच असणार. अँटेनाच्या खांबावरच्या बर्फानं मधली वाट दीड तासापूर्वीच तुटली होती आणि खिडकीत नुसतं मेलेलं चित्र उरलं होतं. वीस मिनिटांचा नियम पाळला असता तर खिडकी पुन्हा उघडावी लागली असती, ती उघडली नसती, आणि हा म्हणाला असता, दादा, थांब. तेवढा एक शब्द पुरला असता हो!

तर नवरोजच्या त्या सकाळी मिर्लान जिन्यावर आला तेव्हा खालच्या खोलीत पहारेकरीण बुरुलमावशी शेगडीवर बोरसोक, कणकेचे फुगरे तुकडे, तळत होती. गरम तेलाचा वास सगळ्या इमारतीत भरला होता.

"आज चाळिसावा दिवस सोरोनचा," ती म्हणाली. "तू गेला नाहीस?"

"काम आहे, मावशी."

"असेल बाबा. कामं तुलाच! मेलेल्याला मानपान लागत नाही, तेलाचा वास पुरतो. उल्कान तिकडे तळत असेल, म्हटलं आपण इथेही तळावं. अठरा वर्षं या कचेरीचं मीठ खाल्लं त्यानं."

मिर्लान हसला. "तुझा वास डोंगरावर पोचणार होय?"

"डोंगरावर कशाला?" मावशीनं झारा निथळवला. "तो काय अजून वर बसलाय?"

नवरोजला घराघरांतून अर्चा नावाच्या झाडाच्या ओल्या डहाळ्यांचा धूर फिरवतात, वाईट ते निघून जावं म्हणून. मावशी धुपाटणं घेऊन प्रत्येक खोलीत शिरली. मिर्लानच्या दारात आली तशी त्यानं हात आडवा केला. "इथे नको. यंत्रांना धूर चालत नाही." मावशी धुपाटणं घेऊन आल्या पावली खाली गेली. त्यानं दार लावून घेतलं. सगळ्या इमारतीत तेवढी एकच खोली धुराविना राहिली.

नवं ठाणं जुन्याच्या समोरच्या कड्यावर उभारलं होतं, यंत्राला जाळ्यावरचा पत्ता मात्र जुनाच दिला होता. प्रत्येक यंत्राचा एक ठसा असतो, माणसाच्या अंगठ्यासारखा. पत्ता तोच आणि ठसा वेगळा निघाला की लिनक्स बोंब ठोकतं, 'सावध! हे ते यंत्र नव्हे, कुणीतरी सोंग घेऊन उभं आहे!' यंत्र नवं, तेव्हा बोंब होणारच होती. मिर्लान तयारीत होता. ठसा पडताळायची तसदी न घेता हो म्हणून मोकळं व्हायचं, दुसरं काय.

पण बोंब झालीच नाही. दार गुपचूप उघडलं, ओळखीच्या माणसासाठी उघडावं तसं. मिर्लानला बरंच वाटलं, एक कटकट वाचली. शहाण्याला इथेच दरदरून घाम फुटला असता. बोंब झाली नाही याचा अर्थ एकच. हाकेला ओ दिली ती जुन्या यंत्रानं. पंधरा फूट बर्फाखालच्या, ना तार ना वीज अशा त्या यंत्रानं.

सवयीनं त्यानं विश्वासाचं अक्षर टाइप केलं. अकरा वीस झाले होते.

आलेख उघडायला वेळ लागला. त्याआधी पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी आली. तिच्यात दोन गोल पांढरे डोळे होते. लिनक्सवाल्यांचा तो जुना खेळ आहे, माउसचा बाण जिकडे जाईल तिकडे बुबुळं वळतात. वाट नीट आहे का हे पाहायला सोरोनदादा नेहमी आधी तेच उघडायचा आणि रेडिओवर विचारायचा, डोळे आले का रे पोरा? मिर्लाननं आज ते मागवले नव्हते.

त्यानं बाण डावीकडे नेला. बुबुळं हलली नाहीत. उजवीकडे नेला, वर नेला. डोळे बाणाकडे बघतच नव्हते. ते बघत होते खुर्चीकडे.

"जुनं काहीतरी साठून राहिलं असेल," तो मोठ्यानं म्हणाला. खोलीत कुणी नसताना माणूस मोठ्यानं बोलतो तेव्हा तो स्वतःलाच समजावत असतो. मग आलेख आला. तारीख दहा फेब्रुवारी, वेळ अकरा चाळीस, रेघ सरळ. मिर्लाननं तिकडे न बघता घाईनं अहवाल उघडला, सहीचा गुप्त शब्द टाइप केला, आणि शेवटचं एकदा वाचावं म्हणून ते वाक्य शोधलं.

'नशेत' हा शब्द त्याच्यादेखत मागून पुढे, अक्षर अक्षर करत पुसला गेला.

त्यानं तो पुन्हा लिहिला. पुन्हा पुसला गेला. तिसऱ्यांदा लिहिताना त्याची बोटं इतकी गारठली की कळा लागेनात. दार बंद होतं, तरी तेलाचा वास नाकात शिरला, आणि त्याच्या मागून ओल्या लोकरीचा. बर्फातून आलेल्या माणसाच्या कोटाला येतो तो वास... शब्दाच्या रिकाम्या जागी सावकाश, एका बोटानं टाइप करावं तशी अक्षरं उमटू लागली.

पोरा, जरा बघून सांग... उतार गप्प आहे ना?

मिर्लाननं वाकून जाळ्याची तार उपटली आणि तशीच हातात धरून राहिला. अक्षरं थांबली नाहीत.

उतार गप्प आहे ना?

"दादा... मला खरंच दिसलं नव्हतं... मी मुद्दाम नाही..."

विचारलं होतं मी.

एवढंच. मग 'न विचारता' हे दोन शब्दही गेले. पाठोपाठ सगळा अहवाल गेला, आणि नवा उमटत गेला : मी, मिर्लान, या कचेरीचा संगणक-कारभारी. सोरोनबायनं मला विचारलं. मी न बघता गप्प आहे म्हणून सांगितलं. नंतर त्याला दारुडा ठरवलं... सहीच्या चौकटीत गुप्त शब्दाचे ठिपके एकामागून एक पडले. त्या खिडकीसमोरच त्यानं तो टाइप केला होता, किल्ली तर त्यानंच दिली होती. चिनाराबाई, सुनावणीची समिती, काशका-बेलची पंचायत, सगळी नावं भरली गेली आणि पत्र निघून गेलं. तार मिर्लानच्या हातातच होती. घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

मावशीनं दार ढकललं तेव्हा तो पडद्यासमोर ताठ बसला होता. ती सांगते, त्यानं वळूनही पाहिलं नाही, नुसतं म्हणाला, "बघतोय दादा, बघतोय."

सुनावणीत तो शब्द खोडला गेला. नाकारायला मिर्लानकडे काही नव्हतं, सही त्याचीच होती. नोकरी गेली, गावानं तोंड फिरवलं. उल्कान टोमणा मारायला आली नाही. तिनं मावशीच्या हाती त्याला ताटलीभर बोरसोक पाठवले आणि निरोप दिला, "त्याचं नाव स्वच्छ झालं. माझ्याकडून फिटलं." आम्हा कचेरीतल्यांनाही वाटलं, सूड पुरा झाला. मेलेला माणूस जिवंतांइतका लवकर विसरत नाही, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

जूनमध्ये बर्फ वितळलं आणि जुनं ठाणं उकरून काढलं. यंत्र चेपून सपाट झालं होतं, पोटात चिखल. त्यातली नोंदी साठवणारी चकती तेवढी शाबूत निघाली. मिर्लानच्या खुर्चीवर आता एर्मेक नावाचा माणूस बसतो, त्यानं ती धुऊन, पुसून, वाळवून आपल्या यंत्राला जोडली. आत कोण आलं, कधी गेलं याची नोंदवही त्यानं उघडली.

नवरोज, अकरा वीस : मिर्लान आत. बाहेर पडल्याची वेळ नव्हती, तिथे लिहिलं होतं, 'अजून आत'. त्याखाली अकरा चाळीसला एक ओळ होती, 'उतार पाहिला.' मग बारा. मग बारा वीस. दर वीस मिनिटांनी तीच ओळ, रात्रंदिवस, तीन महिने, प्रत्येक ओळीवर मिर्लानची सही.

एर्मेकनं हादरून त्याच्या घरी फोन लावला. बायकोनं उचलला. "तुम्ही तरी समजवा हो त्यांना," ती रडत म्हणाली. "बंद पडद्यासमोर बसून असतात. झोपत नाहीत. थोड्या थोड्या वेळानं दचकतात आणि काहीतरी टाइप करतात. एवढ्या उन्हात हात बर्फासारखे गार... थांबा हं, परत लागले बघा."

फोनमधून कळांचा बारीक आवाज आला. एर्मेकनं घड्याळ पाहिलं, दोन चाळीस झाले होते. त्याच्यासमोर चकतीतल्या नोंदवहीची शेवटची ओळ होती आजचीच, दोन वाजून वीस मिनिटांची. तो बघत असतानाच तिच्याखाली अक्षरं उमटू लागली.