उंचीप्रमाणे लावलेल्या स्प्रिंगा

हात पुसत ती टेबलाशी आली आणि पुसणारे हात तसेच थबकले.

पुठ्ठ्यावर अकरा स्प्रिंगा ओळीनं उभ्या होत्या. ठेंगणी डावीकडे, उंच उजवीकडे... प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरींसारख्या.

"पसारा पडला होता," औषधवाला म्हणाला. "म्हटलं, तेवढीच मदत."

चार दिवसांपूर्वी त्याची जुनी ऑटोमॅटिक गाडी हिसके देत गॅरेजच्या दारात आली, एवढीच काय ती ओळख. पण तेव्हापासून दुपारी दुकान बंद केलं, की स्वारी इथे टायरवर हजर. बोलून बोलून नुसता जीव खायचा.

"पसारा?" तिचा आवाज खाली गेला. तो असा खाली गेला, की तिचा मामासुद्धा चार पावलं मागे सरायचा. "अहो, ही गिअरबॉक्सची व्हॉल्व्ह बॉडी आहे. हिच्या पोटात तेलाच्या वाटाच वाटा, वारुळासारख्या. ज्या भोकातून जी स्प्रिंग निघाली, तिथेच ती परत जाते. मी क्रमानं मांडल्या होत्या."

"दुकानात मी बाटल्या—"

"उंचीनं लावता. दिसतंय."

गॅरेज मामाचं. सहा वर्षं तिनं फक्त तेल बदललं होतं. ही पहिली व्हॉल्व्ह बॉडी तिनं एकटीनं खोललेली. संध्याकाळी मामा गाडी फिरवणार. हिसका बसला नाही, तर गिअरबॉक्सचं टेबल तिचं. बसला, तर पुन्हा तेल आणि फिल्टर.

तिनं कपाळावर हात मारला. कपाळ काळं झालं.

"सांगू का?" तो चाचरला. "ही... दुसरी. हिच्यावर तुम्ही दोनदा फुंकर घातलीत. ही काढताना ओठ दाबलात, ती चौथी. आणि ही घरंगळली, तेव्हा तुम्ही 'ये गं बाई' म्हणालात. सातवी."

"थापा नका मारू."

तरी तिनं वही काढली. मघाशी मामाची हाक येईपर्यंत नेमकी पाचच स्प्रिंगांच्या तारेची जाडी टिपून झाली होती. दुसरी मोजली, जुळली. चौथी... जुळली. त्यानं सांगितलेली पहिली, तिसरी, पाचवीही जुळली. आता रागवायला जागाच उरली नाही, म्हणून तिला आणखी राग आला.

सातवी सोडून उरलेल्या पाचही त्यानं तशाच सांगितल्या. भुवई, उसासा, कानामागे सारलेली बट... सगळा हिशेब तोंडपाठ.

"तुमचं लक्ष गाडीकडे होतं की माझ्याकडे?"

"गाडीतलं मला काही कळत नाही हो."

संध्याकाळी मामा चक्कर मारून आला. दुसऱ्या गिअरातून तिसऱ्यात गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली होती. मामानं टेबलावरचा आपला चष्मा तेवढा उचलला आणि तो आत गेला. टेबलावर मामाचं काही उरलं नाही. टेबल तिचं झालं.

औषधवाल्यानं किल्ली घेतली, पण चेहरा पडलेला. "म्हणजे आता... यायला कारण नाही."

"हजार किलोमीटर झाले, की तेल बघायला आणा."

"मी दुकानाच्या वरच राहतो. हजार व्हायला दोन वर्षं लागतील."

तिनं छताकडे पाहिलं. काय म्हणावं या माणसाला...

"मग रविवारी मला लांब कुठेतरी न्या. सगळं मीच सांगायचं का?"

त्याचे कान लाल झाले. हातांना काम हवं, म्हणून त्यानं टेबलावरचे पाने उचलले आणि एकेक करून लावू लागला... लहान डावीकडे, मोठा उजवीकडे.

पाने तसेच लावतात. तिनं लावू दिले.