नकार तरी द्या

त्या पत्राला उत्तर न देणं हा कारकुनाच्या नोकरीचाच भाग होता. लिहिणारी बाई एका लहानशा पंथाची धर्मगुरू होती. तिची मंडळी एका बंद पडलेल्या छापखान्यात प्रार्थनेला जमत. आणि तिने मागितलेला लग्न लावायचा परवाना मिळे तो स्वतःची इमारत असलेल्या पंथांनाच. पण विवाह नोंदणीचे साहेब असली पत्रं कधी नाकारत नसत. नाकारलं की माणूस कोर्टात जातो. नुसतं ठेवून द्यायचं… कंटाळतो बिचारा.

मग एका संध्याकाळी बसथांब्यावर पाऊस तिरपा आत आला, आणि शेजारच्या अनोळखी मुलीने छत्री कारकुनाकडे कलती केली.

"पुस्तक भिजतंय तुमचं," ती म्हणाली. "तुमचं काय, तुम्ही वाळाल."

तेव्हापासून तो आपल्या बस मुद्दाम चुकवू लागला. ती बोले, तो मान हलवी, आणि घरी जाऊन न सुचलेली उत्तरं उशीला ऐकवी. ती काय करते हे विचारायचा धीर काही त्याला झाला नाही. एके दिवशी तिनेच सांगितलं, आणि त्या दिवशी ती हसत नव्हती. तिने लग्न लावून दिलेला एक माळी इस्पितळात गेला होता. त्याच्या बायकोला दारातच अडवलं, लग्नाची नोंद मागितली. ती बाहेर बाकावर, आणि तो आत एकटाच वारला.

"त्याच्या मयताला माझी प्रार्थना चालली," ती म्हणाली. "लग्नाला मात्र मी कुणीच नाही. मी लिहून विचारलं, तर साधं उत्तरही नाही."

कारकुनाची कानशिलं तापली.

"ते पत्र… माझ्या खणात आहे."

छत्री सरळ झाली. पाऊस त्याच्या खांद्यावर पडू लागला.

"अहो, मग नकार तरी द्या," ती हळूच म्हणाली. "नकाराशी भांडता येतं. गप्प बसणाऱ्याशी कसं भांडायचं?"

बस आली. तिने वळून पाहिलं नाही.

सकाळी त्याने नकार लिहिला, कारणासकट. तेवढा अधिकार त्याच्या सहीला होता. आजवर वापरला मात्र कुणी नव्हता. साहेबांनी दूर कुठेतरी बदली होऊ शकते याची आठवण करून दिली.

"करा," तो म्हणाला. आवाज कापत होता, पण रागाने. "फक्त तेही लेखी द्या."

नकाराचा कागद कोर्टात जाणार, म्हणून पुढचं लिहायला त्याने वेगळा कागद घेतला. बऱ्याच खाडाखोडीनंतर एवढंच उरलं:

'तुम्ही जिंकालच. पण तेव्हाही एक लग्न तुम्हाला लावता येणार नाही – तुमचं स्वतःचं. त्यासाठी दुसरे धर्मगुरू शोधावे लागतील. नवरा… चालत असेल तर, त्याच थांब्यावर उभा असतो. यालाही नकार असल्यास कृपया लेखी कळवावा.'

पाकीट टपालपेटीच्या तोंडाशी अडकलं. मागे घ्यायला अजून वेळ होता. त्याने ते बोटाने आत ढकललं.