चेंबरमधली औटकी

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं म्हणावं. पण हे घडलं तेव्हा तिथे वीसेक डॉक्टर आणि नर्स बसलेल्या होत्या. शिकलेली माणसं. त्यातल्या एकानेही आजवर "असं काही झालंच नाही" म्हटलेलं नाही.

विषय निघाला की ती गप्प होतात, एवढंच.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. गेल्या डिसेंबरातल्या एका शुक्रवारची भर दुपार होती. जागा अंबरनाथ पूर्व. शुक्रवारी तिथल्या कारखान्यांना सुट्टी असते. एरवी दिवसभर कानाशी असणारी यंत्रांची घरघर त्या दिवशी नव्हती.

सगळं कसं चिडीचूप होतं.

डॉक्टर संजीवनी त्या दिवशी तिथे ट्रेनिंगला गेली होती. ती राहते विठ्ठलवाडीला, नोकरी उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात. तिच्याकडे ऑक्सिजन चेंबरचं काम आहे.

हे चेंबर काय असतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. माणूस आडवा झोपेल एवढी जाड काचेची नळी असते. पेशंटला आत झोपवायचं, दार घट्ट लावायचं आणि आत ऑक्सिजन भरत दाब वाढवायचा. कुकरमध्ये वाफ कोंडते तसा. त्या दाबाने ऑक्सिजन रक्तात जास्त मुरतो आणि महिनोन् महिने न भरणारी जखम भरायला लागते. घाट उतरताना आपले कान बंद होतात ना, तसे आत कान बंद होतात. मग आवंढा गिळायचा, नाहीतर नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. कान सुटतात.

आतल्या माणसाला दार उघडता येत नाही. बाहेर पॅनलवर एक माणूस बसतो. आतलं बोलणं त्याला स्पीकरवर ऐकू येतं. स्पीकर बंद पडला, तर आतल्याने काचेवर तीनदा ठोकायचं. म्हणजे मला बाहेर काढा.

आणि पॅनलवरच्या माणसाने काही झालं तरी जागा सोडायची नाही.

हा पहिला नियम. संजीवनीला तो विक्रांत सरांनी शिकवला होता. अंबरनाथचं ते सेंटर सरांचंच. चेंबरमधलं तिला जे काही येतं, ते सगळं सरांनी हाताला धरून शिकवलेलं.

म्हणून तर वडिलांना तिने तिथे नेलं.

तिचे वडील दौलतराव. चिखलोलीच्या बाजूला सगळा जन्म शाळामास्तरकीत गेला. घरात आणि गावात सगळे त्यांना आण्णा म्हणत. मधुमेहाने पायाला जखम झाली होती. रोज चेंबरमध्ये झोपून ती सुकत आली होती. आणि एक दिवस आण्णा चेंबरमध्येच गेले.

त्या दिवशी संजीवनीची उल्हासनगरला ड्यूटी होती. सकाळी सरच म्हणाले होते, "मी स्वतः पॅनलवर बसतो. तू निर्धास्त जा."

संध्याकाळी त्याच सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हार्ट अटॅक. काही त्रास झाला नाही त्यांना. शेवटपर्यंत मी काचेशी होतो, संजीवनी. माझ्याकडे बघता बघता डोळे मिटले त्यांनी."

या एका वाक्यावर तिने वर्ष काढलं. आण्णा एकटे नव्हते. रात्री झोप लागेनाशी झाली की ती हेच मनाशी म्हणायची.

चेंबरवर काम करणाऱ्यांना दरवर्षी नव्याने ट्रेनिंग घ्यावं लागतं. त्या सेंटरमध्ये पाय ठेवायची तिची इच्छा नव्हती. पण सरांचा फोन आला, "ये गं, तुझी जागा धरून ठेवलीय." मग गेली.

हॉलला लागून चेंबरची खोली. मध्ये एक दार. ट्रेनिंगवाल्यांना आतलं बोलणं ऐकू यावं म्हणून चेंबरचा एक स्पीकर हॉलमध्येही बसवलेला, सरांच्या टेबलाजवळ.

तिच्या शेजारी नेत्रा सिस्टर बसली होती. दोघी एकाच हॉस्पिटलच्या.

"मॅडम, डब्यात काय आणलंय? इथे नुसतं पनीर आहे. मी सांगून ठेवते."

"मेथी आहे. गप्प बस, सर आले."

सरांनी शिकवायला सुरुवात केली. सर शिकवतात फार छान. कुणाला जांभई येत नाही.

थोड्या वेळाने संजीवनीचे कान दडपल्यासारखे झाले...

तिने आवंढा गिळला. कान सुटले. पुन्हा बंद झाले.

सर्दी होतेय वाटतं, म्हणून तिने नाक चिमटीत धरलं. सहज बाजूला पाहिलं.

नेत्राने नाक चिमटीत धरलं होतं.

पुढच्या रांगेतल्या डॉक्टरांनीही. त्यांच्या पलीकडच्या बाईंनीही. सगळा हॉल, एकामागून एक... कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांचे डोळे फळ्याकडे.

हॉलच्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

सर म्हणाले, "आता एक केस सांगतो. दक्षिणेतल्या एका सेंटरची आहे. पेशंट पुरुष, सत्तरीचा, मधुमेह, पायाला जखम. गोड माणूस होता. आत वेळ जात नाही म्हणून पाढे म्हणायचा. तेही कसले, तर साडेतीनचे!"

हॉलमध्ये हसू पिकलं.

नेत्रा बसल्या जागेवरून ओरडली, "सर, साउथला पण औटकी असते काय? आमच्या आजोबांना यायची."

अजून हसू. सर क्षणभर अडखळले. "तसंच... तसलंच काहीतरी."

संजीवनी हसली नाही.

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. जुन्या मराठी शाळांतली. आता कुणाला येत नाही. आण्णांना यायची. चेंबरमध्ये झोपल्या झोपल्या ते ती म्हणायचे. बे औटके सात, तीन औटके साडेदहा...

सर पुढे सांगत होते. आवाज मऊ झाला होता.

"आधी तो बरोबर म्हणत होता. मग चुकायला लागला. जन्मात न चुकलेला माणूस चुकतोय, म्हणजे रक्तातली साखर उतरतेय. चेंबरमध्ये साखर फार झपाट्याने उतरू शकते, विसरू नका. नंतर त्याने काचेवर ठोकलं. पण ऑपरेटर पॅनलवर नव्हता. शेजारच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, तिथे भाषणाला गेला होता. आवाज तिथल्या स्पीकरवर येत होता. भाषणात व्यत्यय नको, म्हणून त्याने स्पीकर बारीक केला."

कुणीतरी "अरेरे" म्हणालं.

"पेशंट गेला. म्हणून सांगतो, पॅनल सोडू नका."

सगळ्यांनी लिहून घेतलं.

संजीवनीच्या हातातलं पेन तसंच राहिलं. पॅनलवर कोण होतं, हे या हॉलमध्ये फक्त दोघांना माहीत होतं. सरांना आणि तिला. तिला सरांनीच सांगितलं होतं.

तेवढ्यात...

टक. टक. टक.

स्पीकरमधून आलं. मग सावकाश, घोगऱ्या आवाजात...

"चार औटके चौदा. पाच औटके साडेसतरा. सहा औटके एकवीस..."

नेत्रा खुदकन हसली. तिला वाटलं, ट्रेनिंगचाच भाग आहे. पुष्कळांना तसंच वाटलं.

"सात औटके...?"

आवाज थांबला. मास्तर प्रश्न विचारून उत्तराची वाट बघतात, तसा थांबला.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांचा हात बाजूला गेला, स्पीकरच्या बटणाकडे, न बघता. सवयीने जावा तसा. आणि त्यांनी आवाज बारीक केला.

संजीवनीने तो हात पाहिला.

ती उठली आणि मधलं दार उघडून चेंबरच्या खोलीत गेली.

टेक्निशियन कैलास भिंतीला टेकून उभा होता. तिला बघताच त्याने दोन्ही हात वर केले. "मॅडम, आईशप्पथ, मी काही नाही केलं. मेन बंद आहे. सकाळपासून बंद आहे!"

चेंबरचं दार उघडं होतं. आत कोरी पांढरी चादर. कुणी नव्हतं.

काच मात्र आतून धुरकटली होती... आत कुणी श्वास घेत असावं तशी.

मागून सर आले. "कैलास, बाहेर जा."

कैलास गेला.

"सर, तुम्ही म्हणाला होतात, शेवटपर्यंत काचेशी होतो."

"संजीवनी, ती केस आहे. केसमध्ये आपण थोडंफार बदलतो."

"काय बदललंत? गाव बदललंत. अजून काय?"

सर खाली बघत होते. "तुला बरं वाटावं म्हणून बोललो होतो मी तेव्हा. खरं सांगून काय मिळालं असतं तुला? आणि बघ ना, वर्षभर त्या चुकीवर मी शिकवतोय. किती पेशंट वाचतील त्याने. आण्णा मास्तर होते. त्यांना आवडलंच असतं."

"त्यांनी ठोकलं, सर. तुम्ही ऐकलंत. आणि आवाज बारीक केलात."

पॅनलवरचा दिवा बंद होता. तरी स्पीकर खरखरला.

"सात औटके...?"

संजीवनी पॅनलकडे धावली. माइक तोंडाशी धरला. "आण्णा! आण्णा, मी संजू. मी आहे इथे. काढते तुम्हाला बाहेर."

काही नाही.

"आण्णा, ओ द्या ना."

नुसती खरखर. वर्षभर ती ज्या आवाजाला आसुसली होती, तो हाताच्या अंतरावर होता. स्वप्नातही एकदा आले नव्हते आण्णा.

मागे सर खाकरले.

आवाज लगेच आला. शांत, समजूतदार. मागच्या बाकावरच्या बुजऱ्या पोराशी बोलावं तसा.

"बोला, डॉक्टर. घाई नाही. विचार करून सांगा."

सर वळले आणि जवळजवळ पळतच हॉलमध्ये गेले.

त्याच क्षणी इथला स्पीकर गप्प झाला. काच स्वच्छ झाली. संजीवनीचे कान मोकळे झाले... आणि मधल्या दारातून, हॉलमधून, बारीक आवाज यायला लागला.

"सात औटके...?"

आण्णा सरांच्या मागे गेले होते.

ती हॉलमध्ये आली. सगळे गोंधळून कुजबुजत होते. तिने तिथूनच, मोठ्याने विचारलं, "सर, त्या केसमधला ऑपरेटर कोण होता? सांगा सगळ्यांना."



सरांनी घाम पुसला. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर तो ओळखीचा, मायेचा भाव आला. ते तिच्याजवळ आले. तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मित्रहो, संजीवनीचे वडील गेल्या वर्षी वारले. ती अजून सावरलेली नाही. आपण समजून घेऊ. वायरिंगमध्ये बिघाड आहे, मी बघून घेतो. चहा घेऊया का?"

सगळ्यांच्या नजरेत कीव आली. नेत्राच्यासुद्धा.

"चला मॅडम, पाणी प्या जरा," नेत्राने तिचा दंड धरला. "एवढं मनाला लावून नाही घ्यायचं हो. सर किती चांगले आहेत, बघा."

संजीवनीने दंड सोडवला, पर्स उचलली आणि ती निघाली. डबा तिथेच राहिला.

तिने तक्रार केली. चौकशी झाली. चेंबरमध्ये दोष सापडला नाही, केसमधल्या सेंटरचं नाव कुणाला माहीत नव्हतं आणि वीसेक माणसांपैकी एकालाही त्या दुपारचं नीट आठवत नव्हतं. इथवर हे कुणालाही पटेल.

पुढचं तिने फक्त नवऱ्याला सांगितलंय.

महिन्याभराने सरांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"संजीवनी, ठेवू नकोस. मी उत्तर देतो गं त्यांना. बरोबर देतो. तरी पुढचं विचारतात. घरी, गाडीत, अंघोळीला गेलो तरी. तू मुलगी आहेस त्यांची. तू सांग ना त्यांना, बस झालं म्हणून."

तिच्या तोंडात वाक्य तयार होतं. वर्षभराचं विष होतं त्यात. ती बोलणार, तोच फोनमध्ये, सरांच्या मागे कुठेतरी...

आण्णा बोलत होते.

काय ते नीट कळत नव्हतं. पण आवाज तोच. मध्येच खोकणं तेच.

ती फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिली. एकदाच हळूच म्हणाली, "आण्णा, मी संजू." पलीकडचा आवाज क्षणभरही थबकला नाही.

त्यानंतर सरांचे फोन येत राहिले. ते रडतात, हात जोडतात, कधी शिव्या देतात. प्रमोद, तिचा नवरा, म्हणतो, "ब्लॉक कर ना त्या माणसाला. तुझी तब्येत बघ."

ती ब्लॉक करत नाही.

फोन आला की ती आतल्या खोलीत जाते, दार लावते. सरांशी एक शब्द बोलत नाही. सर थकून गप्प होण्याची वाट बघते.

मग तिला आण्णा ऐकू येतात.

आण्णा तिला ओ का देत नाहीत, हे तिला कळलेलं नाही. जो माणूस त्यांना सोडून गेला, त्याच्याशी ते बोलतात. तिला मात्र ते ओळखतही नाहीत... की ओळखून बोलत नाहीत?

हल्ली सरांचा आवाज फार क्षीण झालाय. मध्येच श्वास अडकतो. आण्णा दुसरं कुठूनच ऐकू येत नाहीत.

आणि संजीवनीच्या लक्षात आलंय, की आपल्याला त्यांची काळजी वाटायला लागली आहे.