चवथकोन्याचं दुसरं नाव

जोयड्याच्या कंदमेळ्यात कुणी कुणाच्या प्रेमात पडत नाही. माणसं येतात, कंद उलटेपालटे करून बघतात, भाव विचारतात, पाहुण्यांचं भाषण संपायची वाट बघतात आणि घरी जातात. त्या जानेवारीत सुमंगलाही बापाच्या, उमाजीच्या, टेबलामागे बसली होती ती एवढ्याच तयारीने. समोर एकवीस जातींचे कंद मांडलेले, प्रत्येकापुढे नावाची पुठ्ठ्याची चिठ्ठी. एकाच कंदाची चिठ्ठी सकाळच्या वाऱ्याने उडाली होती.

नेमका तोच कंद एका चष्मेवाल्या तरुणाने उचलला. नुसता उचलला नाही, तर नखाने साल खरवडून आतला बुळबुळीत चीक दोन बोटांत चोळून बघू लागला.

"अहो, ठेवा ते!"

"का? विकायला नाही?"

"विकायला हाय. चोळायला न्हाई."

तोवर व्हायचं ते झालं होतं. त्याने आधी एक हात खाजवला, मग दुसरा, मग दुसऱ्याने पहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. सुमंगलाने आमसुलं भिजवलेल्या पाण्याचा तांब्या काढला, त्याचं मनगट सरळ धरलं आणि लाल पाणी त्याच्या बोटांवर ओतू लागली.

"आता खाजवू नका. खाजवलं की वर चढतंय."

"किती वर?"

"पार डोक्यापर्यंत. तुमच्या तिथं आधीच काय तरी चढलेलं दिसतंय म्हणा..."

त्याचे कान लाल झाले. मनगट अजून तिच्या हातात होतं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. तिने ते सोडलं, आणि त्याने घाईघाईने खिशातली वही काढली.

"ह्या कंदाचं नाव काय?"

सुमंगलाने कंदाकडे बघितलं, मग त्याच्या कानांकडे. खरं नाव जिभेवर होतं. पण जीभच ती, वळली.

"लाजरा."

"लाजरा?"

"व्हय. कापला की लाल होतोय. परक्या माणसानं हात लावला तर जरा जास्तच."

त्याने अगदी गंभीरपणे लिहून घेतलं – स्थानिक नाव, लाजरा. सुमंगलाने हसू लपवायला ओढणी तोंडावर घेतली.

हा प्रशांत. रामनगरच्या किराणा दुकानवाल्या बाबुरावांचा मुलगा, म्हणजे तसा इथलाच. पण चौथीपासून बेळगावच्या हॉस्टेलात वाढला, आणि आता एका विद्यापीठात फळं कुजू नयेत म्हणून त्यांच्यावर लावायच्या लेपावर संशोधन करत होता. कंदाचं शास्त्रीय नाव त्याला पाठ होतं. बाकी काही ठाऊक नव्हतं.

आणि बाकीचंच तर महत्त्वाचं होतं. त्या कंदाचं खरं नाव चवथकोना. वेलीला येणाऱ्या कंदाला इकडे कोना म्हणतात, आणि चवथ म्हणजे गणेशचतुर्थी. गणपतीच्या डोक्यावर टांगायची तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, महिनाभर आधी उतरवून त्यांना या कोन्याचा चीक फासला की चवथीपर्यंत त्या ताज्या राहतात. म्हणून चवथकोना. नावातच सगळी विद्या होती.

ही विद्या प्रशांतला दाखवली ती सुमंगलाच्या आतेनं, काशीनं. श्रावणात तो कंदाची माहिती घ्यायला त्यांच्या घरी आला तेव्हा वाळूत पुरून ठेवलेला कोना तिने काढला, ठेचला, आणि चीक पाण्यात कालवून फडक्याने तवशाला पुसू लागली. प्रशांतनेही एक तवसं घेऊन जाडजूड थर चढवला. काशीने त्याच्या हातावर चापट मारली.

"पातळ लाव रे लेका. तवशाला बी श्वास घ्यायचा असतोय."

प्रशांत तसाच बसून राहिला. तीन वर्षं त्यांच्या प्रयोगशाळेत जाड लेपाखाली फळं आतल्या आत आंबत होती, आणि थर पातळ करावा तर लेप टिकत नव्हता. हा चीक टिकत होता. त्याने वळून सुमंगलाकडे बघितलं, आणि ते बघणं तवशाबद्दलचं नव्हतं. तिला ते कळलं. काशीलाही कळलं असावं, कारण ती उगाचच कोंबड्या हाकायला उठली.

पुढच्या पावसाळ्यात प्रशांतला कोन्यांचं पोतं द्यायला सुमंगला कॅसलरॉकच्या स्टेशनवर आली. घाटात दरड आल्याने गाडी तीन तास उशिरा होती. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की बोलायचं तर जवळ सरकूनच बोलावं लागत होतं. दोघांचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.

"एक सांगू?" ती म्हणाली. "रागावशील."

"सांग तर."

"ते लाजरा... मी मस्करी केलती. खरं नाव चवथकोना."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. पलीकडच्या टेबलावर तोच कंद होता, चिठ्ठीसकट."

तिने त्याच्या दंडावर फटका मारला. "मग खोडलं का न्हाईस?"

"तू नाव ठेवलंस ते मला... कंदाचं कशाला खोडू?"

तिने पोत्याचं तोंड उगाचच सोडलं आणि पुन्हा बांधलं.

"छापताना मात्र बदल हं," ती शेवटी म्हणाली.

"बदलतो. काशीआतेचं नाव घालतो, तुमच्या गावाचं घालतो. आणि मग—"

"मग काय?"

"मग उमाजीमामांकडे येतो. कंद मागायला नाही."

गाडी आली. पोतं चढवताना त्याने तिचा हात गरजेपेक्षा जास्त वेळ धरला. त्या संध्याकाळी सुमंगला भिजत घरी आली, आणि तिला इतका आनंद झाला होता की भातात मीठ दोनदा पडलं. उमाजीने तो भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

मग संशोधनाची कंपनी झाली. विद्यापीठात नवे उद्योग उभे करायला एक कक्ष होता. त्यांनी प्रशांतला खोली दिली, वकील दिला, भांडवलवाल्यांशी गाठ घालून दिली. "पहिल्या पैशाला बीजभांडवल म्हणतात," त्याने फोनवर सांगितलं. "बियाणं तर आम्ही दिलं की," ती म्हणाली. तो हसला. पुढच्या वेळी अशाच कशावर तरी तो हसला नाही. त्याच्या बोलण्यात आता मार्केट, स्केल, पेटंट असे शब्द येऊ लागले. रविवारचा फोन महिन्याने येऊ लागला. सुमंगला मात्र रोज टेकडीवरच्या एका खडकावर जाऊन बसायची, कारण गावात रेंज फक्त तिथेच यायची.

त्याच खडकावर तिने तो व्हिडिओ बघितला. बंगळुरूतला मोठा मंच, सूट घातलेला प्रशांत, आणि मागे सोनेरी अक्षरांत 'लाजरा'. ते नाव बघून ती आधी खुदकन हसली, वेडी. मग त्याचं बोलणं ऐकू आलं. जंगलातला एक दुर्लक्षित कंद... आजवर फक्त खाण्यापुरता वापर... आमच्या प्रयोगशाळेने शोधलेला लेप. काशी नव्हती, गाव नव्हतं, चवथ नव्हती. गरज सरो, वैद्य मरो.

तिने तिथूनच फोन लावला.

"सुमा, ऐक. वकील म्हणाले, नाव आहे तसं राहू दे. गावाचा हक्क दाखवला तर परवानग्या आल्या, वर्ष जाईल. भांडवलवाले थांबणार नाहीत. एकदा बाजारात उभं राहू दे, मग सगळ्यांची नावं—"

"आते तुला लेका म्हणते."

"मला कळतंय गं..."

"न्हाई, कळत न्हाई," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

उमाजी गावच्या जैवविविधता समितीचा अध्यक्ष होता. गावातल्या झाडा-कंदांची नोंदवही त्याच्याकडेच. त्याने तक्रार केली: हा लेप आमचा आहे, आम्हाला विचारल्याशिवाय, हिस्सा दिल्याशिवाय कुणी विकू नये. बंगळुरूहून एक अधिकारी बाई सुनावणीला आल्या, आणि पंचायतीच्या सभागृहात सगळं गाव जमलं. पहिल्या रांगेत काशी बसली होती. पलीकडे कंपनीचा वकील, आणि त्याच्या शेजारी मान खाली घातलेला प्रशांत.

वकिलाने उमाजीला दोनच प्रश्न विचारले.

"अध्यक्ष, लाजरा नावाचा कंद तुमच्या नोंदवहीत आहे?"

"न्हाई," उमाजी म्हणाला.

"तुमच्या आज्या-पणज्यांनी कधी हे नाव घेतलं?"

"न्हाई. असं नाव आमच्यात न्हाईच."

हो म्हणायला काय गेलं असतं? पण उमाजीला खोटं बोलता येत नव्हतं, आणि त्या वयात शिकायची इच्छाही नव्हती. वकील अधिकाऱ्यांकडे वळला. "मॅडम, शोधनिबंधात, पेटंटच्या अर्जात सगळीकडे लाजरा. ह्यांचा तो चवथकोना वेगळा. शिवाय कंपनी आता स्वतःच्या शेतात लावते. लाजरा या गावचा नाही, हे अध्यक्षच सांगतात."

सभागृहात कुजबुज झाली. आपलेच दात आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? काशीला तर काय चाललंय तेच कळेना. ती शेजारणीला विचारत होती, "लाजरा म्हंजे कोण गं?"

सुमंगलाला ठाऊक होतं, आपण गप्प बसलो तर आतेची विद्या आज कायमची परक्याच्या नावावर होणार. बोललो तर... समोर बाप बसला होता. आख्खं गाव बसलं होतं. ती उठली.

"लाजरा म्हंजे चवथकोनाच, बाई. ते नाव मी सांगितलं ह्यांना. मेळ्यात, आमच्या टेबलावर. चिठ्ठी उडालती."

वकील हसला. "खोटं नाव सांगितलंत? कशासाठी?"

"थट्टा म्हणून."

"अनोळखी माणसाची थट्टा? कारण काय?"

तिने पंख्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. उमाजीकडे बघायचं टाळलं.

"आवडला म्हणून," ती म्हणाली. "त्याचे कान लाल झालते. म्हणून लाजरा. कंद न्हाई लाजरा... तो."

मागे कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. दोन बायकांनी पदर तोंडाला लावले. हे वाक्य तिने किती वेळा मनात घोळवलं होतं, पण ते त्याला एकट्याला सांगायचं होतं, कॅसलरॉकच्या फलाटावर नाहीतर उळवीच्या जत्रेत. आता एक कारकून ते कागदावर उतरवून घेत होता.

"ह्याला पुरावा?" वकील म्हणाला.

अधिकारी बाई प्रशांतकडे वळल्या. "खरं आहे हे?"

वकिलाने त्याच्या बाहीला हात लावला. प्रशांत उठून उभा राहिला. सुमंगलाला वाटलं, आता हा आठवत नाही म्हणेल, आणि संपेल.

"खरं आहे," तो म्हणाला. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काशीआतेनं मला लेप लावायला शिकवला, तोही ह्याच कंदाचा. आधी ते नाव मी... हिच्यासाठी ठेवलं. पुढं कंपनीसाठी ठेवलं."

बाईंनी दोघांचंही लिहून घेतलं, सह्या घेतल्या, आणि निकाल लागेपर्यंत लेप विकायला मनाई केली. वकील फाइल आपटून निघून गेला. काशीला शेजारणीने कानात सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी न्हाई थोडीच म्हटलं असतं."

बाहेर फणसाखाली प्रशांत थांबला होता. सूट नव्हता, चष्मा पुसत होता.

"कंपनी गेली समज, सुमा. भांडवलवाले राहणार नाहीत. पण मी खरं बोललो ना?"

"बोललास."

"मग?"

"माझ्यानंतर बोललास. आधी मला सगळ्या गावासमोर उभं राहावं लागलं, मग तुला खरं सुचलं. दोन वरसं मी खडकावर बसून त्याचीच वाट बघत होते."

"तुला राग आलाय..."

"राग आला असता तर बरं झालं असतं रे. आत खोटं बोलला असतास तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तू खरं बोललास..." तिने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. "म्हणून रडू येतंय."

त्याने हात पुढे केला. तिने तो बघितला, आणि धरला नाही.

"उमाजीमामांना भेटायला येऊ?"

"नको."

तो आणखी काही म्हणणार होता, पण रामनगरची बस आली आणि कंडक्टर घाई करू लागला. प्रशांत चढला. खिडकीपाशी बसून बस सुटेपर्यंत तो तिच्याकडेच बघत होता, आणि तीही नजर न हलवता उभी होती.

उमाजी नोंदवही काखेत धरून पंचायतीच्या पायरीवर बसला होता. ती आली तसा तो उठला. दोघं घराच्या वाटेला लागली. दोघांनी ओढा ओलांडला.

"अजून आवडतोय?" त्याने पुढे बघतच विचारलं.

"व्हय, बाबा."

"मग थांबवायचं होतंस."

"न्हाई. वाट बघून झाली माझी," सुमंगला म्हणाली, आणि बापाच्या काखेतली वही आपल्या हातात घेऊन पुढे चालू लागली.