पाय चार बोटं पुढे

दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि शुक्रवारी सकाळी मी इथे आखातात, फिंतासच्या किनाऱ्यावर उगाच पाय भिजवत उभी होते. तेवढ्यात लाटेबरोबर माझ्या पायाशी येऊन थांबलं ते... काय म्हणू? इस्त्रीचं टेबल? त्याच्या पोटाला उंच दांडा, दांड्याच्या टोकाला चकचकीत पंख, आणि वर चाकं काढलेले स्केटिंगचे बूट बोल्टने आवळलेले!

"धर, धर! परत वाहून जाईल!" पाण्यातून एक मुलगा ओरडत आला. केसांतून, नाकावरून, हनुवटीवरून पाणी निथळत होतं.

"विमान पडलं वाटतं तुमचं?"

"पडायला आधी उडावं लागतं," तो म्हणाला आणि असा हसला की... जाऊ दे.

हा उदय. दुसऱ्या शाळेतला, पण माझ्याच इयत्तेतला. त्याचे बाबा, मालवणचे हरिश्चंद्रकाका, राई नावाच्या भागातल्या एका गॅरेजात ॲल्युमिनियमचं काम करायचे. पंख दोघांनी मिळून घासून बनवले होते. बोट काकांच्या मुदीरची, म्हणजे साहेबांची. बोटीने दोरीने ओढलं की पंख पाण्याखालून उचल घेतात आणि फळी माणसासकट हवेत तरंगते, असं उदय म्हणायचा. प्रत्यक्षात? प्रत्यक्षात उदय दर वेळी पालथा!

"काय गो चेडवा, येतंस बोटीत?" काकांनी विचारलं. "मागे बघूक कोणतरी होया."

वाळूत थर्मास घेऊन बसलेल्या आईने आधी काकांना दहा प्रश्न विचारले. ती नर्स ना, तिला सगळीकडे प्लास्टरच दिसतं. मग म्हणाली, "लाइफ जॅकेटची पट्टी घट्ट ओढ, सुखदा."

काका पुढे बघून बोट चालवणार आणि मी मागे तोंड करून बसणार. दोरी धरलेल्यावर नजर ठेवायची, तो पडला की ओरडायचं. थोडक्यात, एका मुलाकडे टक लावून बघायचं — आणि तेही आईच्या परवानगीने!

मी बघितलं. पुढच्या शुक्रवारी बघितलं, त्याच्या पुढच्याही. त्याच्या ओल्या पापण्या बघितल्या, दात घट्ट आवळणं बघितलं... आणि आणखी एक गोष्ट बघितली. पडण्याआधी फळीचं नाक दर वेळी वर उठायचं.

"तुझे बूट फार मागे आहेत," मी सांगून टाकलं. "चार बोटं पुढे घे."

"तू कधी उभी राहिली आहेस त्याच्यावर?"

"नाही. पण तू तरी कुठे राहिलायस?"

काका खो खो हसले. उदय नाही हसला. त्या दिवशी जाताना 'येतो' सुद्धा म्हणाला नाही! आठवडाभर मला घास गोड लागेना. आणि गुरुवारी काकांचा आईला फोन आला. मुदीरने बोट विकली होती. उद्याचा शुक्रवार शेवटचा.

मी पोहोचले तर फळी वाळूत उलटी, आणि उदय हातात पाना घेऊन बसलेला. बूट चार बोटं पुढे सरकले होते. पण... हे बूट वेगळे होते. लहान होते!

"हे तुझ्या पायात नाही जायचे," मी म्हटलं.

"तुझ्या जातील. मागच्या वेळी ओल्या वाळूत तुझा पाय उमटला होता. वितीने मोजला." त्याने मान वर केली नाही. "चूक तू शोधलीस, सुखदा. पहिली तू जा."

"आणि तू?"

"पेट्रोल उरलं तर."

आता मागे तोंड करून बसायची पाळी त्याची होती.

दोरी ताणली गेली. फळीखाली पाणी खडखडायला लागलं, मी पुढच्या पायावर वजन टाकलं आणि एकदम... शांत. खालचा खडखडाटच गेला! मी पाण्यावर नव्हते, पाण्याच्या वर होते! आणि बोटीत उदय उभा राहून वेड्यासारखा ओरडत होता.

मग अर्थातच मी पडले. वर येऊन बघते तर हा कपड्यांसकट पाण्यात, माझ्या शेजारी.

"मला काही झालं नाहीये! उडी कशाला मारलीस?"

"सांगायचं होतं. बाबांसमोर नाही सांगता येत." त्याने एक श्वास घेतला. "मला तू आवडतेस. म्हणजे... फळी उडाली नसती तरी."

"मलाही तू," मी म्हटलं. इतकं सोपं असतं होय?

"अरे, आणखी एका फेरीचा पेट्रोल आसा!" काका बोटीतून ओरडले. "बूट बदल, बेगीन!"

उदय बोटीवर चढला, फळी वर घेतली, पाना लावला आणि — नजर मात्र माझ्याकडे! — पाना सटकला. डुबुक. काकांनी कपाळावर हात मारला.

मी म्हटलं, "उदय... तुझी फेरी..."

तो मात्र हसत होता. फळी त्याने माझ्याकडे ढकलली.

"तूच जा परत. मला आज बघायचंच आहे."

मी बुटात पाय घातले.