रिकामी शिडी

माझी आणि त्याची पहिली भेट म्हणजे भांडणच. आणि आधीच सांगते, चूक त्याची होती.

मी कॉलेजात लाइटवाली. चित्रं, मूर्ती असलं शिकवणारं कॉलेज. तिथल्या पोरांना कधी काय सुचेल त्याचा नेम नाही, पण पंखा बंद पडला की सगळ्यांना मीच आठवते. अंबाड्यात कायम टेस्टर खोचलेला, म्हणून नावच पडलं टेस्टर. शाळा सातवीपर्यंत. पुढचं दादानं शिकवलं – वायरिंग, पक्कड आणि शिव्या.

तर त्या दिवशी दुसऱ्या मजल्याची लाइन जळका वास मारत होती. अकरा वाजता लाइट जाणार, असं मी तीन दिवस आधीच फळ्यावर लिहून ठेवलं होतं. अकराला फ्यूज काढला, खिशात टाकला, शिडीवर चढले. दोन मिनिटांत एक जण धापा टाकत आला. उंच, केस विस्कटलेले, शर्टाची बटणं एक घर खाली लावलेली... आणि छातीशी ही जाड वही.

"लाइट कुणी घालवली?"

"मी."

"सकाळपासूनचं सगळं काम गेलं माझं. कॉम्प्युटर धाडकन बंद."

"फळा वाचत नाही का?"

"फळा कोण वाचतं?"

"ज्याचं काम जात नाही, तो."

तो एकदम गोड आवाजात म्हणाला, "पाच मिनिटं लावता का? जेवढं वाचतंय तेवढं वाचवतो. फ्यूज कुठंय सांगा, मीच लावतो."

मी वरून बघितलं त्याच्याकडे. "ज्याचा हात वायरला, फ्यूज त्याच्या खिशात. खुद्द देवानं मागितला तरी देत नसते मी."

आता माणसानं चिडून निघून जावं की नाही? हा शिडीच्या बाजूला जमिनीवर बसला आणि वहीत लिहायला लागला.

"काय लिहिताय?"

"तुमचं वाक्य."

"फुकट नाही. चहा पडेल."

"दोन पडू देत," तो म्हणाला, वर न बघता. कान मात्र लाल झाले होते त्याचे.

चहा पिताना कळलं, साहेब शेवटच्या वर्षाला आहेत. चित्र काढून भिंतीला टांगायचं असलं काही नाही. माणूस समोर आला, हात लावला, की जागं होणारं काहीतरी करायचं – दिवे, आवाज, पडदे, मागं कॉम्प्युटर. दोन महिन्यांनी प्रदर्शन, आणि त्याच्या सरांनी चार कल्पना केराच्या टोपलीत टाकलेल्या. मी त्याचं नाव वहीवाला ठेवलं. रोज तो नवी कल्पना घेऊन माझ्या शिडीखाली हजर.

"फरशी. पाय ठेवला की उसासा टाकते."

"आमच्या आईचे गुडघे कॉम्प्युटर नसतानाही टाकतात."

"बरं, आरसा. पण तो तुम्हाला दहा सेकंद उशिरा दाखवतो."

"म्हणजे भांग पाडताना कंगवा डोळ्यात."

तो हसत हसत पान खोडायचा. खोडलेल्या पानांची वही फुगत चालली, आणि मी कारण नसताना दुसऱ्या मजल्याचे बल्ब तपासायला लागले. एवढे बल्ब त्या मजल्यावर नव्हतेच मुळी. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

मग एक दिवस त्यानं नको ते केलं. मी गच्चीवरच्या खोलीत काम करत होते. बोर्ड खाली, वायर वर, फ्यूज लावून बघायला माझ्या सारख्या खेपा. त्याला दया आली. म्हणाला, "किती चढतेस-उतरतेस? दे तो फ्यूज. मी धरतो खाली."

हात पुढे केला होता त्यानं. माझ्या हातातली पक्कड पडली.

"परत मागितलास तर तुझं तोंड बघणार नाही मी," मी म्हटलं. असल्या आवाजात, की माझाच मला ओळखू आला नाही.

दोन दिवस तो फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मीच गेले त्याच्या खोलीवर. खिडकीवर भुरभुर पाऊस होता, टेबलावर वायरींचा गुंता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं.

सहा वर्षांपूर्वी मी सोळाची होते. दादाबरोबर कामाला जायचे. एका गोदामाच्या तळघरात लाइन बदलायची होती. बोर्ड एका टोकाला, शिडी दुसऱ्या टोकाला. दादा फ्यूज कुणाला देत नसे, पण त्या दिवशी माझ्या हातात दिला. म्हणाला, आता तू शिकलीस, धर. कसली छाती फुगली होती माझी. तासभर धरून उभी होते. गोदामवाला सारखा मागं लागलेला – माल खराब होतोय, लवकर लावा. मग मी वळून बघितलं तर शिडी रिकामी. गोदामवाला म्हणाला, उतरला की तो. मला पण तेच वाटलं. मी फ्यूज लावला.

दादा उतरला नव्हता. शिडीवरून वरच्या पोकळीत शिरला होता, वायरला जोड द्यायला.

"गोदामवाल्यानं सगळ्यांना सांगितलं, त्यानंच आधी फ्यूज लावून ठेवला, घाईचा होता," मी म्हटलं. "मी मान हलवली. आई रोज तेच म्हणते – माझं पोर घाईचं. सहा वर्षं म्हणतेय. मी ऐकून घेते."

तुझी चूक नव्हती, असं तो म्हणाला असता तर मी तशीच माघारी फिरले असते. ते ऐकायला लागू नये म्हणूनच तर कुणाला सांगितलं नव्हतं. तो वायरीच्या तुकड्याशी चाळा करत राहिला. मग विचारलं, "दादा काय म्हणायचा तुला?"

सहा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"चिमणे," मी म्हटलं. "टेस्टर हे नाव मागून पडलं." आणि मग बसलेच मी खाली.

आठ दिवसांनी त्यानं वहीचं एक पान पुढे ठेवलं. अंधारी खोली, मधोमध भिंत. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक पितळी तबकडी. एकट्यानं तबकडीवर हात ठेवला तर काहीच होत नाही. पलीकडूनही कुणी ठेवला, तरच तुझ्या बाजूचे दिवे लागतात... आणि ते पलीकडच्याच्या नाडीवर मिणमिणतात. त्यानं हात उचलला की अंधार.

"पलीकडे जिवंत माणूस आहे, हे कळल्याशिवाय उजेडच नाही," तो म्हणाला. "पण हे तुझं आहे. तू नाही म्हणालीस तर पान फाडतो. वही पण फाडतो."

"सरांना काय दाखवशील मग?"

"उसासे टाकणारी फरशी."

हसू आलं मला, पण परक्या माणसांनी त्या तबकडीवर हात ठेवायचा आणि माझ्या आईला काही माहीतच नाही... हे काही बरोबर नव्हतं. मी म्हटलं, "आधी घरी सांगते."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं, रिकाम्या शिडीपर्यंत. तिनं हातातल्या सदऱ्याची घडी पुरी केली, वरून हात फिरवला.

"म्हणजे सहा वर्षं मी मेलेल्या पोराला बोल लावला," ती म्हणाली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण तोंडातून शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वहीवाल्याला मी म्हटलं, भिंत कर, वायरिंग मी करते. तो रोज संध्याकाळी मला घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडायचा. आज बोलली का, असं कधी विचारलं नाही. माझ्या चालीवरून कळत असावं त्याला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी चाचणी घेतली. मी भिंतीच्या अलीकडे, तो पलीकडे. काळोख असा, की स्वतःचा हात दिसेना. मी तबकडीवर तळवा ठेवला. गार होती. मग हळूहळू माझ्या डोक्यावर दिवे उमलले, दीडेकशे असतील, आणि असे फडफडायला लागले की काय सांगू.

"एवढं जोरात काय धडधडतंय?" मी भिंतीला विचारलं.

"वायरिंग सैल असेल," पलीकडून आवाज.

"वायरिंग माझं आहे. माझ्या वायरिंगला नाव ठेवायचं नाही."

"मग... दुसरं काहीतरी असेल."

"दुसरं काय?"

"तू विचारलंस आणि तुझे पण ठोके वाढले," तो म्हणाला. "मला इकडे दिसतंय सगळं."

मी हात उचलायला हवा होता. उचलला नाही. त्यानंही नाही. किती वेळ, ते त्या कॉम्प्युटरलाच माहीत.

प्रदर्शनाला पुष्कळ लोक आले. काही हसत बाहेर पडले. एक म्हातारे गृहस्थ मात्र भिंतीच्या एका बाजूला हात ठेवून उभे राहिले, पलीकडे कुणी येईपर्यंत. सर काही बोलले नाहीत, म्हणजे पास. माझी आई आली नाही. दार उघडलं की मी बघायचे, तीन दिवस बघितलं.

चौथ्या दिवशी सगळं उतरवायचं होतं. सकाळी मी चपला घालत होते. सतरा दिवसांनी आई बोलली, तेही पाठ करून.

"शिडी नीट लाव."

एवढंच. मी रस्ताभर तेवढेच तीन शब्द घोळवत गेले.

त्या खोलीत मी फ्यूज काढला. सवयीनं हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. वहीवाला शिडी धरून उभा होता. मी फ्यूज त्याच्यापुढे धरला.

"धरतोस?"

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. दोन्ही हात पँटला पुसले आणि फ्यूज घेतला.

मी चढले. दिव्यांच्या तारा छताखालच्या लोखंडी गर्डरला बांधल्या होत्या, त्या सोडवत सोडवत गर्डरवरूनच पार भिंतीपलीकडे सरकले. खालून मी दिसत नव्हते. तेवढ्यात दार वाजलं. सर.

"अरे, लाइट लाव. पाहुणे आलेत, त्यांना जाता जाता खोली दाखवायची आहे."

"आता नाही सर. वर काम चाललंय."

"कुठं काम? शिडी रिकामी आहे. गेली असेल ती."

वर माझा हात उघड्या वायरवर होता. मी ओ द्यायला हवी होती, पण गळ्यातून आवाजच फुटेना. सोळा वर्षांची होऊन बसले मी त्या गर्डरवर.

"गेली असती तर आधी फ्यूज मागितला असता," तो खाली म्हणाला. "ती वर आहे."

"दोन मिनिटांसाठी एवढं काय?"

"सर, पाहुण्यांना चहा द्या. लाइट ती खाली आल्यावर लागेल."

सर पुटपुटत गेले. दार लागलं.

"आहेस ना?" त्यानं विचारलं.

"आहे."

"सावकाश ये. मी इथंच आहे."

मी खाली आले तेव्हा बाहीनं तोंड पुसून झालं होतं. त्यानं मूठ उघडली. इतकी घट्ट आवळली होती, की फ्यूजच्या कडा तळव्यात उमटल्या होत्या, लालभडक.

"घे तुझा," तो म्हणाला.

मी त्याची बोटं एक एक करून परत मिटली.

"राहू दे तुझ्याकडेच," मी म्हटलं. "पलीकडची लाइन बाकी आहे अजून."

आणि पुन्हा शिडी चढले.